काका, तो व्हिडिओ मी डिलीट केला नाही

काका,

समोरासमोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, चहा टाक" म्हणून विषय बदलता, म्हणून शेवटी सगळ्यांसमोर लिहून टाकतेय. काकू वाचून दाखवतील, आणि त्या वाचत असताना तुम्ही मधेच उठून कुंड्यांना पाणी घालायला जाऊ नका प्लीज.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी काय झालं ते सांगते. फेब्रुवारीत आमच्या पोरीच्या हायस्कूलमधे डिबेट होती, विषय होता अमेरिकेचा झेंडा जाळण्याचा हक्क. त्या डिबेटला बाजू आपण निवडायची नसते, नाणं उडवून ठरते, आणि तिच्या वाट्याला "हक्क असला पाहिजे" ही बाजू आली. पोरगी छान बोलली, जिंकली पण. मला काय, आईच ना मी, मी त्यातली दोन मिनिटांची क्लिप कापली आणि इकडच्या आपल्या मराठी ग्रुपवर टाकली, खाली तीन हार्ट. नाण्याचं वगैरे काही लिहिलं नाही, ती माझी चूक. पंधरा मिनिटांत ग्रुप पेटला. हेच शिकवता का मुलांना. गणपतीत आरती म्हणते तीच ना ही. ज्या देशाचं खातो त्याचा झेंडा जाळायचा म्हणे. आणि एकजण, इथे कितीजण व्हिसावर आहेत जरा विचार करा, कशाला नसती लफडी. ते शेवटचं वाचून माझ्या पोटात खरंच गोळा आला.

मी सॉरी टाइप केलं होतं काका. अंगठा डिलीटवर होता. आणि तुमचा फोन आला, "अगं थांब, पोरगी चुकीचं काय बोलली ते एकाला तरी विचारलंस का?"

मग तुम्ही ग्रुपवर लिहायला बसलात. एका बोटाने मराठी टाइप करता तुम्ही, वीस मिनिटं नुसतं "टायपिंग" दिसत होतं, अख्खा ग्रुप श्वास रोखून. आणि मेसेज आला चार ओळींचा. मी रोज सकाळी दारात झेंडा चढवतो हे सगळ्यांना माहितीये. माझ्यासमोर कुणी तो जाळला तर मी त्याचं तोंड परत बघणार नाही. पण त्याला तुरुंगात टाका असं मी म्हणणार नाही. पोरगी बरोबर बोलली. बस. त्यावर कुणाचंच उत्तर नाही, दहा मिनिटांनी कुणीतरी मिरचीच्या ठेच्याची रेसिपी टाकली आणि विषय संपला.

त्यासाठी थँक्यू आहेच, पण मला जास्त थँक्यू पुढच्या शनिवारचं म्हणायचंय. मला वाटलं तुम्ही तिचं कौतुक करायला आलात, तुम्ही तर तिची उलटतपासणी घेतलीत. डायनिंग टेबलवर, समोर चिवड्याची वाटी, "जॉन्सनची केस सांग." तिने पोपटासारखी सांगितली, ग्रेगरी ली जॉन्सन, १९८४, डॅलस, रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन, सिटी हॉलसमोर झेंडा जाळला, टेक्सासच्या कायद्याखाली एक वर्ष शिक्षा आणि दोन हजार डॉलर दंड, १९८९ मधे सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने शिक्षा बेकायदा ठरवली. तुम्ही म्हणालात, "तो झेंडा कुणाचा होता?" ती गप्प. मग तुम्हीच सांगितलंत की मोर्च्यातल्या कुणीतरी तो एका बिल्डिंगच्या खांबावरून काढून आणलेला. म्हणजे दुसऱ्याचा झेंडा पळवला तर ती चोरी, नुकसान केलं तर तो गुन्हा, ते काही कोर्टाने माफ केलेलं नाही. खटला जॉन्सनवर चोरीचा नव्हताच, पूजनीय वस्तूची विटंबना केली म्हणून होता. "आपण बोलतोय ते स्वतःच्या झेंड्याबद्दल, हे आधी स्पष्ट करायचं, नाहीतर समोरचा तुला तिथेच पाडेल."

आणि मग तुम्ही ते सांगितलंत जे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. की १९८४ च्या ऑगस्टात तुम्ही डॅलस डाउनटाउनमधेच नोकरीला होतात, मरणाचं ऊन, आणि बातमी कळल्यावर तुम्ही जेवला नव्हता. १९८९ ला निकाल आला तेव्हा ५० पैकी ४८ राज्यांत झेंड्याच्या विटंबनेचे कायदे होते आणि ते एका फटक्यात निकामी झाले, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुशनी झेंडा वाचवायला घटनादुरुस्ती करा म्हटलं, आणि ती मागणारा अर्ज फिरत होता त्यावर तुम्ही सही केली होती. तुम्ही! मी काकूंकडे बघितलं, त्या म्हणाल्या हो हो, दोन ठिकाणी केली.

पोरीने विचारलं मग बदललात कधी. तुम्ही म्हणालात, रागारागात निकाल वाचायला घेतला, चुका काढायच्या म्हणून. त्यात न्यायमूर्ती ब्रेनननी शेवटाकडे एका साक्षीदाराचा उल्लेख केलाय, जळून उरलेले झेंड्याचे तुकडे त्याने गोळा केले आणि घरी नेऊन मानाने पुरले. ब्रेनन म्हणतात की जाळणाऱ्याला याहून चांगलं उत्तर काय असणार, आपला झेंडा फडकवा, जळणाऱ्या झेंड्याला सलाम करा, राख मानाने पुरा. "मी सही करत फिरत होतो, तो माणूस खाली वाकून तुकडे उचलत होता. झेंडा कुणाला जास्त प्रिय, मला की त्याला?" असं म्हणून तुम्ही चिवडा खाल्लात. मी स्वयंपाकघरात निघून गेले, कांदा चिरायचा होता असं समजा.

मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं की तो निकाल कुणी झेंड्याचा तिरस्कार करणाऱ्यांनी दिलेला नव्हता. न्यायमूर्ती स्कॅलियासारखा कट्टर कॉन्झर्व्हेटिव्ह माणूस त्या पाचात होता, जो नंतर सांगत फिरला की माझ्या हातात असतं तर मी त्या जॉन्सनला आत टाकला असता. त्याच पाचातल्या न्यायमूर्ती केनेडींनी तर वेगळं लिहिलं की हा निकाल देताना त्रास होतोय पण द्यावा लागतोय. त्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, नवा केंद्रीय कायदा केला, तोही १९९० च्या जूनमधे सुप्रीम कोर्टात परत ५-४ नेच गेला. २००६ मधे सिनेटमधे घटनादुरुस्ती ६६ विरुद्ध ३४, दोन तृतीयांश म्हणजे ६७ मतं लागतात म्हणून एका मताने पडली. तेव्हा तुम्ही टेक्सासच्या दोन्ही सिनेटरांना विरोधात मत द्या म्हणून पत्र लिहिलं होतं आणि दोघांनीही बाजूने मत दिलं. काकू अजून चिडवतात त्यावरून.

पण तुम्ही पोरीला अजून एक बोललात आणि ते तिला लागलं. "तुला बोलणं सोपं आहे, कारण तू अजून कुठल्या झेंड्यावर जीव लावलेला नाहीस. सोमवारपासून सकाळी साडेसहाला ये."

ती आली काका. आठवडाभर येते म्हणून आलेली पोरगी शाळा संपेपर्यंत येत राहिली. चढवताना झपाझप, उतरवताना सावकाश, जमिनीला टेकता कामा नये, हे सगळं ती आता मला शिकवते. ती त्रिकोणी घडी घालायला शिकली त्या दिवशी घरी येऊन म्हणाली "आई सेम घडीची पोळी", आणि मग दहा मिनिटं पोळीच्या फडक्यावर प्रॅक्टिस, शेवटी फक्त निळा भाग आणि तारे वर दिसले पाहिजेत, लाल पट्टा कुठेही डोकावता कामा नये म्हणे. फडक्यावर कुठले तारे. मला माझी शाळा आठवली, सोळा ऑगस्टला सकाळी रस्त्यात पडलेले कागदी झेंडे वेचत आम्ही घरी यायचो, चिखल पुसून दप्तरात ठेवायचो, कुणी सांगितलेलं नसायचं. आपल्याकडे १९७१ चा कायदा आहे, झेंडा जाळला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पण आम्ही वाकून झेंडे उचलायचो ते काय त्या कायद्याला घाबरून? तेव्हा असा काही कायदा आहे हेच ठाऊक नव्हतं.

आणि तुमचं ते शपथेचं. दादा नेव्हीत गेला तेव्हापासून तुम्ही दारात झेंडा लावायला लागलात हे सगळ्यांना माहितीये, पण तुम्ही पोरीला विचारलंत की दादाने शपथ कशाची घेतली. ती म्हणाली झेंड्याची. "नाही. घटनेची. तुझ्या आईनेपण घटनेचीच घेतलीय, विचार तिला." खरंच की. माझ्या सिटिझनशिपच्या वेळी तुम्हीच मला शंभर प्रश्न पाठ करून घेतले होते, त्यातले दहाच विचारणार होते तरी. समारंभात हातात छोटा झेंडा दिला होता, फोटो त्याच्याबरोबर काढले, पण तोंडाने जे म्हटलं त्यात राज्यघटनेचं रक्षण करीन असं होतं. झेंड्याचं त्यात नव्हतं. मी ते म्हटलं आणि विसरून गेले होते.

मग जून. तुमचा झेंडा कडेने पार फाटलेला, फ्लॅग डेला, १४ जूनला, माजी सैनिकांच्या त्या हॉलमागे जुने झेंडे जाळतात तिथे आपण तिघं गेलो. मी पहिल्यांदा बघत होते. लोखंडी पिंप, त्यात जाळ, ढीगभर झेंडे घडी करून ठेवलेले, म्हातारे सैनिक सलाम करून उभे. कॉटनचे भुर्रकन जळायचे, नायलॉनचे आक्रसून वितळायचे आणि तो वास घशात बसायचा. तुम्ही तुमचा झेंडा स्वतः टाकला नाहीत, पोरीच्या हातात दिलात, आणि टोपी काढून छातीशी धरलीत आणि बघितलं मात्र दुसरीकडे. जाळ विझल्यावर राखेत फक्त पितळी कड्या उरलेल्या, दोरी अडकवायच्या.

घरी येताना गाडीत मागून पोरगी म्हणाली, काका, झेंडा तोच, आग तीच, त्याला वर्षाची शिक्षा आणि मला सगळ्यांनी शाबासकी दिली. तुम्ही म्हणालात, "मग शिक्षा कशाची झाली?" ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, त्याच्या मनात काय होतं त्याची. तुम्ही इंडिकेटर दिलात आणि वळलात. (आपल्या भारताच्या ध्वजसंहितेतही हेच आहे, फाटका झेंडा खाजगीत, शक्यतो जाळूनच नष्ट करा. मी घरी येऊन शोधलं.)

हां, आणि हेही लिहिते, ज्या म्हाताऱ्या सैनिकांनी आपल्याला कॉफी दिली त्यांची संघटना कित्येक वर्षं घटनादुरुस्तीच्या बाजूने भांडतेय. तुम्ही त्यातल्या एकाशी अर्धा तास वाद घातलात, दोघंही हट्टी, शेवटी त्याने तुम्हाला डोनट बांधून दिला. ग्रुपवर तसा वाद झाला असता तर किती बरं झालं असतं.

आता हे सगळं आज का लिहितेय तर ऑगस्टात (२०२५) ट्रम्पनी झेंडा जाळण्यावर ऑर्डर काढली आणि ग्रुपवर तोच फेब्रुवारीचा व्हिडिओ परत वर आला, "बघा, आम्ही सांगत होतो". ऑर्डरने सुप्रीम कोर्टाचा निकाल काही पुसला जात नाही, पण परदेशी नागरिकांचा व्हिसा रद्द करण्याची भाषा त्यात आहे, त्यामुळे व्हिसावाल्यांची भीती खोटी नाही, तेव्हाही नव्हती, हे मी मान्य करते. त्यांच्यावर मी हसणार नाही. पण मी सिटिझन आहे, पोरगी इथे जन्मलीय, आम्हीच गप्प बसलो तर बोलायचं कुणी. यावेळी तुमच्या फोनची वाट बघितली नाही. तुमच्यासारखंच चार ओळी लिहिल्या, नाण्याचंही लिहिलं, आणि व्हिडिओ आहे तिथेच आहे. लगेच दोघांनी ग्रुप सोडला. एक परत आला, कोजागरीचा हिशोब त्याच्याकडे आहे.

शनिवारी येतेय, तुमचा चिवड्याचा डबा फेब्रुवारीपासून माझ्याकडेच पडलाय. पोरीने निरोप दिलाय की नवीन झेंड्याच्या दोरीला लावायला क्लिपा आणल्यात, जुन्या गंजल्यात, तोवर चढवू नका, आणि मंगळवारी पावसात झेंडा बाहेर राहिला होता तो तिने शाळेच्या बसमधून बघितलाय.

तुमचीच,
पोरीची आई