उद्यमबागेतलं ग्राइंडर मुंडगोडला जाऊ दे

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात प्लास्टिकबंदीची, धाडीची, दंडाची बातमी वरचेवर असते आणि ती असायलाच पाहिजे, पण जे प्लास्टिक आधीच नाल्यात, शेताच्या बांधावर आणि तुरमुरीच्या कचरा डेपोत जाऊन पडलंय त्याचं काय करायचं आणि ते काम कुणाच्या हाताला द्यायचं यावर कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनच्या कामाला आहे. प्लास्टिक दळायच्या ग्राइंडरमध्ये अवघड असं काही नसतं बघा, मोटर, गिअरबॉक्स, शाफ्टवर हार्डन केलेली पाती आणि खाली जाळी, झालं. हे सगळं उद्यमबागेत आणि शेजारच्या मच्छे गावात बनतं, फौंड्री आपली, मशीनशॉप आपलं, फिटर आपले. डेव्ह हॅकन्स नावाच्या एका डच पोरानं 2013 मध्ये प्रेशियस प्लास्टिक म्हणून काम सुरू केलं आणि दळायचं, वितळवायचं, साच्यात दाबायचं अशा छोट्या मशिनींची ड्रॉइंग इंटरनेटवर सगळ्या जगाला फुकट देऊन टाकली, म्हणजे ड्रॉइंगपण हाताशी आहेत. प्रश्न मशीनचा नाहीच, मशीनवर उभं कोण राहणार आणि त्याला महिन्याला किती मिळणार हा आहे.

माझं म्हणणं असं की पहिलं मशीन मुंडगोडला जाऊ दे. हुबळीच्या पुढं उत्तर कन्नडात मुंडगोड आहे, तिथं 1966 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, त्यावेळच्या म्हैसूर राज्यानं जंगलातली जमीन दिली आणि त्या लोकांनी ती साफ करून शेती उभी केली. पण शेती सगळी पावसावर, मका आणि भात, आणि जमीन तेवढीच राहिली, घरं वाढली. तरणी पोरं बेंगळूरला नाहीतर परदेशात जातात, मागं म्हातारी माणसं. थंडीत आपल्याकडं जे तिबेटी स्वेटरवाले बसतात ना, त्यातल्या एका मावशींशी माझं बोलणं झालं. लुधियानाहून उधारीवर माल आणायचा, दोन-तीन महिने परगावी राहायचं, थंडी कमी पडली की माल अंगावर. त्या म्हणाल्या, गावातच बारा महिने काम मिळालं तर कोण फिरेल असं. मला ते लागलं. बाटलीचं प्लास्टिक दळून त्याचाच धागा होतो आणि तोच धागा स्वेटरात आणि ब्लँकेटात जातो, मग त्या धंद्याचं सुरुवातीचं टोक तरी यांच्या गावात का असू नये? मुंडगोडला द्रेपुंग आणि गांदेनसारखे मोठे मठ आहेत, हजारो भिक्षू, कार्यक्रमाला बाहेरून येणारी माणसं, पाण्याच्या बाटल्यांना काय तोटा.

कुणी म्हणेल निर्वासितांना काम कसं देणार, कायद्यात बसतं का. आपल्या देशानं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदापण नाही हे खरं, पण तिबेटी लोकांसाठी केंद्रानं 2014 मध्ये पुनर्वसन धोरण काढलंय, त्यात रोजगार हमी, रेशन अशा योजनांचा फायदा त्यांना द्यावा असं राज्यांना सांगितलंय. म्हणजे दार उघडं आहे, आत कुणी नेत नाही एवढंच.

आता मुद्द्याचं. असली प्रोजेक्टं फोटोपुरती चालतात आणि बंद पडतात त्याचं कारण एकच, माणसाला पैसे किलोवर देतात. भंगारचा दर आज एक उद्या एक. 2020 ला तेलाचा भाव पडला तेव्हा प्लास्टिकचा नवा दाणाच एवढा स्वस्त झाला की जुन्या प्लास्टिकला कोण विचारतंय. ज्याच्याकडं आधीच जमीन नाही, कागद अर्धे, बँक उभी करत नाही, त्याच्या डोक्यावर बाजाराची रिस्क टाकायची म्हणजे अन्याय आहे. मजुरी हजेरीवरच पाहिजे.

आणि हे होतंय की. जॉर्डनमध्ये झातारी नावाचा सीरियन निर्वासितांचा कॅम्प आहे, 2012 ला सुरू झाला, कितीतरी वर्षं तिथं जवळपास ऐंशी हजार माणूस राहत होतं. तिथं ऑक्सफॅम या मदत संस्थेनं रिसायकलिंगचं काम लावलं, कॅम्पमधलीच बाया-माणसं घरोघरी जाऊन कागद, पुठ्ठा, प्लास्टिक गोळा करायची, शेडमध्ये वेगळं करायची, माल विकला जायचा, पण मजुरी कामाच्या वेळेवर मिळायची, वजनावर नाही. कॅम्पमध्ये काम मागणारे जास्त आणि काम कमी म्हणून ते आळीपाळीनं द्यावं लागायचं, यावरून बघा माणसं कामाला किती तरसलेली असतात. लांबचं नको असेल तर पुण्याची स्वच्छ सहकारी संस्था बघा, कचरा वेचणाऱ्या बायकाच तिच्या मालक आहेत, महापालिकेशी करार आहे, घराघरातून महिन्याची फी मिळते आणि वर भंगार विकून मिळतं ते वेगळं. दर पडला तरी फी असते, चूल बंद पडत नाही. तिसरा पैसा कंपन्यांचा. 2022 च्या नियमांनी पॅकिंगवाल्या कंपन्यांना आपलं प्लास्टिक परत गोळा करायची जबाबदारी आहे, त्यासाठी त्या रजिस्टर्ड रिसायकलरकडून सर्टिफिकेट विकत घेतात. मग त्या रिसायकलरला जी सोसायटी दळलेला माल पुरवते तिला त्यातला वाटा लेखी ठरवून मिळाला पाहिजे, नाहीतर राबणार एक आणि सर्टिफिकेटचा पैसा दुसऱ्याला.

कामाबद्दल दोन गोष्टी सांगतो कारण इथंच माणसं आजारी पडतात. पाण्यात टाकलं की दुधाची पिशवी, डब्याचं झाकण तरंगतं, पाण्याची बाटली आणि पीव्हीसी पाइप खाली बसतात, एवढ्यावर अर्धी निवड होते. पण पीव्हीसी चुकूनपण गरम करायचं नाही, त्यातून ॲसिडचा धूर निघतो, छाती जाते. म्हणून सुरुवातीला वितळवायच्या मशिनीच्या नादाला लागूच नये, फक्त निवडा, धुवा, वाळवा, दळा आणि विका. हातमोजे, मास्क, पात्याला गार्ड आणि इमर्जन्सी स्विच यात काटकसर नको, मी पात्यात गेलेली बोटं बघितलीत. चिप्सच्या पाकिटाला गिऱ्हाईक नाही, ते सिमेंटच्या भट्टीला जातं, त्यातून कमाई धरूच नका.

हेच शेड बेळगावातपण हवं. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा चढल्या आणि आपल्या जिल्ह्यात हजारो घरं गेली, त्यातली कितीतरी कुटुंबं शहराच्या कडेला भाड्याच्या खोलीत राहून मिळेल ते काम करतात. सरकारी कागदावर ती निर्वासित नाहीत पण गाव सुटलेलंच आहे. सीमाभागातल्या आपल्या माणसाला तर कागदावर आपण नेमके कुठले हे विचारलं जाणं काय असतं ते सांगायला नको.

महापालिकेला विनंती आहे, 58 पैकी एका वॉर्डाचा सुका कचरा वर्षभरासाठी अशा सोसायटीला लेखी करारावर द्या, घरामागं फी ठरवून द्या आणि शेडला लाइट-पाणी द्या. उद्यमबागेतल्या कारखानदारांनी मुंडगोडसाठी एक ग्राइंडर मिळून करावं, स्टील आणि मोटरचा खर्च वाटून घेतला तर कुणावर ओझं येत नाही. फॅब्रिकेशनची मजुरी मी घेणार नाही, रविवारी येऊन वेल्डिंग आणि बसवायचं काम करून देईन, आणि पाती लावायला, धार काढायला तिथल्या दोघा-तिघांना शिकवून येईन.

आपला,
एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव