परळ ठेवा, पण रोज घासा

महोदय,
वैशाखात आमच्या जळगावात पारा ४५च्या आसपास गेला, की जो तो गच्चीवर पाखरांसाठी पाण्याचं परळ, म्हणजे मातीचं पसरट भांडं, ठेवतो, फोटो काढतो आणि विसरतो. आठ दिवसांत त्यात शेवाळ आणि डासांच्या अळ्या.

आमचं परळ कढीपत्त्याच्या सावलीत असतं. दोन बोटं पाणी, मधे एक खरबरीत दगड. सकाळी सातभाईंचं टोळकं कलकलाट करत येतं. ते उडालं की बुलबुल आंघोळीला उतरतो. होला मात्र चोच बुडवून सलग पाणी ओढतो, इतरांसारखी घोटागणिक मान वर करत नाही. हे बघण्यात चहा रोज निवतो, घरची बोलणी खावी लागतात ती वेगळी.

दाणे म्हणून मूठभर ज्वारी-बाजरी पुरे. उरलीसुरली शेव, फरसाण कृपया टाकू नका. एवढं मीठ पाखरांना सोसत नाही. शिवाय चिमणीची पिल्लं मुख्यतः किडे-अळ्यांवर वाढतात. मग जास्वंदीवर विषारी औषध मारून शेजारी दाणे ठेवायचे कशाला? मागच्या वर्षी मीही माव्याच्या किडीपायी हाच मूर्खपणा केला होता. यंदा नुसत्या पाण्याचा जोरात फवारा मारतो. मावा बराचसा निघतो.

– एक वाचक, जळगाव