इंटर्नचं वर्ष कापू नका, त्याच्या शेजारी उभा राहणारा डॉक्टर द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पशुवैद्यकांच्या इंटर्नशिपवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून सकाळची धार उरकल्याबरोबर लिहायला बसलो. दवाखाने ओस पडलेत, डॉक्टर मिळत नाहीत, मग साडेचार वर्षं शिकून पास झालेल्या मुलांना आणखी वर्षभर कशाला अडकवायचं, सहा महिन्यांत मोकळं करा आणि कामाला लावा, असं लेखकाचं म्हणणं. माझी रोजीरोटी दावणीवर आहे, त्यामुळे याला उत्तर देणं मला भाग आहे.

सहा महिन्यांची इंटर्नशिप आपल्याकडे होऊन गेलेली आहे. भारतीय पशुवैद्यक परिषदेने २०१६ च्या नियमांत ती बारा महिन्यांची केली, म्हणजे एमबीबीएसच्या मुलांसारखीच साडेचार अधिक एक. ते उगाच केलेलं नाही. कॉलेजात समोर एक गाय आणि भोवती सगळा वर्ग. त्यातल्या कितीजणांचा हात अडलेल्या गाईच्या गर्भपिशवीत गेलेला असतो? तो हात या एका वर्षातच तयार व्हायचा असतो. पण कुणाच्या तरी देखरेखीखाली. इंटर्नने स्वतंत्रपणे उपचार करायचे नाहीत, शेजारी अनुभवी डॉक्टर हवा, असं नियमातच आहे. आणि नेमकं तेच गावाकडे पाळलं जात नाही. लेखात यावर अवाक्षर नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी तिसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दूध देणारी विदेशी जात) गाय व्यायली. कालवड झाली, वार वेळेत पडली, चीक भरपूर निघाला. दुसऱ्या दिवशी रात्री गाय बसली ती उठेना. कान गार, नाकपुडी कोरडी, मान वळवून पोटावर टाकलेली. दुधाची गाय सांभाळणाऱ्याला हे बघितल्यावर वेगळं काही सांगावं लागत नाही, कॅल्शियम उतरलेलं असतं. दवाखान्यात फोन केला. डॉक्टरसाहेबांकडे आणखी दोन दवाखान्यांचा कार्यभार, ते तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला एका अडलेल्या म्हशीपाशी होते. आमच्याकडे आला एकटा इंटर्न, मोटारसायकलवर, पाठीला सॅक.

मुलगा नम्र होता आणि हुशारही. ताप बघितला, आजार बरोबर ओळखला, मानेची शीर पहिल्या टोचणीतच धरली. साहेब फोनवर होते; फोन स्पीकरवर टाकून गव्हाणीच्या कडेला ठेवला होता. "हळू सोड रे," असं त्यांनी बजावलं. हा "हो सर" म्हणाला. पण हळू म्हणजे किती हळू? शिरेतून जाणारं कॅल्शियम थेट हृदयावर काम करतं. बाटली किती उंच धरायची, नळीचा चिमटा किती आवळायचा, छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके कसे ऐकत राहायचे, ठोका चुकायला लागला की नळी कशी दाबून धरायची, हे फोनवरून कुणाला शिकवता येतं का? स्टेथोस्कोप त्याच्या गळ्यात तसाच लटकत होता, कारण त्याचा एक हात बाटलीला होता आणि दुसरा सुईला. मी बॅटरी धरून उभा. बाटली भराभर रिकामी होत होती. ती संपायच्या आतच गाईने पाय ताणले, एकदा हंबरली आणि मान टाकली.

आमच्या गावाला पूर्वी एक डॉक्टर होते, आता निवृत्त झालेत. त्यांच्याबरोबरही इंटर्न यायचे. अशीच बसलेली गाय होती, चुलतभावाची. डॉक्टरांनी बाटली माझ्या हातात दिली, स्टेथोस्कोप मुलाच्या कानात घालायला लावला, आणि स्वतः नळीवर अंगठा ठेवून बसले. "अंगठा माझा, कान तुझे. ठोका चुकला की बोल," म्हणाले. मध्येच मुलगा "सर!" म्हणाला, अंगठा दाबला गेला, जरा वेळाने परत सुटला. गाईला ढेकर आली, तिने शेण टाकलं आणि थोड्या वेळात झटक्यात उठून उभी राहिली. वासरू अडलं की हेच डॉक्टर मुलाचा हात आधी आत घालायला लावायचे, डोळे मिटायला सांगायचे आणि विचारायचे, "पुढचा पाय लागतोय का मागचा?" सांगता येईपर्यंत दोर लावू द्यायचे नाहीत. त्या मुलांपैकी एकजण आज शेजारच्या तालुक्यात पशुधन विकास अधिकारी, म्हणजे सरकारी पशुवैद्यक, आहे आणि लोक रात्री-अपरात्री त्याचंच नाव घेतात.

माझा त्या इंटर्नवर राग नाही, हे स्पष्ट लिहितो. २०२२ साली जनावरांना लम्पी हा त्वचेचा साथीचा रोग आला तेव्हा हीच शिकाऊ मुलं गोठ्यागोठ्यात फिरून लस टोचत होती, लाथा खात होती. त्यांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. राग आहे तो त्याला एकट्याला पाठवणाऱ्या व्यवस्थेवर. ज्या रात्री त्याने शिकायचं, त्याच रात्री त्याच्या हातून माझी गाय गेली, आणि हे ओझं तो मुलगा जन्मभर वागवणार. त्याचं वर्ष सहा महिन्यांवर आणलं असतं तर माझी गाय वाचली असती का? तोच मुलगा आणखी लवकर, आणखी कमी शिकून, आणि फोनवरच्या आवाजाशिवाय माझ्या गोठ्यात आला असता.

रिकाम्या जागांचं लेखकाचं दुखणं खरं आहे. लोकसेवा आयोगाला २०२५ मध्ये पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या २७९५ जागांची जाहिरात एकदम काढावी लागली, यावरून किती वर्षं काय चाललं होतं ते दिसतं. राज्यात २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे सव्वातीन कोटींच्या वर पशुधन आहे. पण जागा रिकाम्या राहिल्या की नुसते उपचार थांबत नाहीत, शिकवणाराही नाहीसा होतो. एका डॉक्टरकडे तीन दवाखाने दिलेत, तर त्याने इंटर्नच्या शेजारी कधी उभं राहायचं? मग इंटर्न हाच डॉक्टर होऊन बसतो, गावही त्याला साहेब म्हणू लागतं, आणि कागदावर देखरेख चालूच राहते.

त्या गाईचा विमा होता, त्याचंही ऐका. कानातला विम्याचा बिल्ला शाबूत होता. विमा कंपनीला शवविच्छेदनाचा अहवाल हवा. त्यावर नोंदणीकृत पशुवैद्यकाचीच सही लागते, १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानेच तसं ठरवलेलं आहे, आणि ते योग्यच आहे. इंटर्नला दाखला देता येत नाही. साहेब दुसऱ्या दिवशी दुपार टळून गेल्यावर आले, तोवर गाय फुगून गेली होती. मृत्यूचं कारण स्पष्ट होत नाही असं म्हणून कंपनीने दावा परत पाठवला. हप्ता घ्यायला गोठ्यापर्यंत येणारा त्यांचा माणूस आता फोन उचलत नाही. या कंपन्यांकडेही आपल्या वृत्तपत्राने कधीतरी बघावं. इंटर्नने उपचार केलेले चालतात, पण ते जनावर मेलं तर कागद करायला कुणी नाही, हा कुठला न्याय?

माझं म्हणणं एवढंच आहे. वर्ष पुरं बारा महिन्यांचं राहू द्या. ज्या दवाखान्यातल्या डॉक्टरकडे दुसऱ्या दवाखान्याचा कार्यभार आहे, तिथे इंटर्न पाठवू नका. आणि इंटर्नच्या नोंदवहीत प्रत्येक केससमोर जनावराच्या मालकाचीही सही घ्या, की डॉक्टर स्वतः हजर होते. मालक खोटी सही करणार नाही, जनावर त्याचं असतं.

आपल्या प्रतिनिधींना विनंती, की पुढचा लेख लिहिण्याआधी जिल्ह्यातल्या चार दवाखान्यांत रात्री आठनंतर फोन लावून बघावा आणि गोठ्यावर कोण आलं ते छापावं.

आपला नियमित वाचक,
एक दूध उत्पादक शेतकरी
जि. अहिल्यानगर