बुडालेल्या स्टार्टअपच्या हिशोबात वेंडर कुठंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या भोसरीत गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते, त्यामुळे तुमचं गुरुवारचं टेक्नॉलॉजी आणि अर्थकारणाचं सदर मी गेली तीन-चार वर्षं न चुकता वाचतोय. कालचं वाचलं आणि रात्री झोप लागली नाही म्हणून आज सकाळी मशीन चालू करायच्या आधी हे पत्र लिहायला बसलोय.

स्टार्टअपच्या फंडिंगचा दुष्काळ संपला, गुंतवणूकदारांचा पैसा परत येतोय, याचा लेखकाला आनंद झालाय, त्याबद्दल तक्रार नाही, मलाही ऑर्डरी हव्यात. पण मधल्या काळात ज्या कंपन्या बंद पडल्या त्यांच्याबद्दल लिहिताना गुंतवणूकदारांचे किती डॉलर बुडाले ते लिहिलंय, फाउंडर काय शिकले ते लिहिलंय, नोकऱ्या गेल्या त्यांच्यासाठीही दोन ओळी आहेत आणि ज्यांनी त्या कंपन्यांना माल उधारीवर दिला त्यांच्याबद्दल अख्ख्या लेखात एक शब्द नाही. लेखक म्हणतात ही इकोसिस्टिमची शिकवणीची फी आहे. साहेब, ती फी भरली कोणी? त्यातले सात लाख अठ्ठ्याहत्तर हजार आठशे मी भरलेत.

नोव्हेंबर 2022 मध्ये घरपोच किराणा देणाऱ्या एका स्टार्टअपची मला 120 रॅकची पीओ, म्हणजे लेखी खरेदी ऑर्डर आली. नाव लिहीत नाही. हडपसर, बाणेर, वाकड अशी त्यांची गोडाऊनं होती, त्याला ते डार्क स्टोअर म्हणायचे. रॅक 5,500 रुपयाला एक, म्हणजे सहा लाख साठ हजार आणि वर 18 टक्के जीएसटी. आमच्यासारख्याला ही मोठी ऑर्डर. सीआर शीट, म्हणजे रॅकचा स्टीलचा पत्रा, रोखीने घेतली, पावडर कोटिंगवाल्याला आठवड्याच्या आठवड्याला पैसे दिले, पोरांनी दोन रविवार ओव्हरटाइम केला, आणि 12 जानेवारीला शेवटचं चलन सही करून घेऊन बिल दिलं. लघुउद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा 2006 पासून सांगतोय की जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे. फेब्रुवारी संपला तरी पैसे नाहीत. मार्चमध्ये फोन केला तर त्यांचा अकाउंट्सवाला म्हणाला अमेरिकेत बँक बुडालीय म्हणून आमचा गुंतवणुकीचा राऊंड अडकलाय, महिनाभर थांबा. सिलिकॉन व्हॅली बँक हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तुमच्या सदरातच मग सविस्तर वाचलं, की अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेने, मार्च 2022 पासून व्याजदर शून्याजवळून वर न्यायला सुरुवात केली, जुलै 2023 पर्यंत सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर नेला, फुकटात मिळणारा पैसा महाग झाला आणि स्टार्टअपमध्ये येणारा ओघ आटला. वाचून समजलं सगळं. पण तो ओघ आटल्यावर भोसरीतल्या गाळ्यात काय होतं हे कोण लिहिणार?

ऑगस्टमध्ये वाकडच्या गोडाऊनला गेलो तर शटर बंद, वॉचमन म्हणाला महिना झाला कोणी येत नाही.

आणि ऑक्टोबरमध्ये कुदळवाडीला गेलो होतो, भंगारातून एक जुनी प्रेस मिळते का बघायला. एका शेडच्या बाहेर निळ्या रंगाचे रॅक एकावर एक आडवे टाकलेले दिसले. मी कोपऱ्याच्या पट्टीला चार भोकं मारतो, बाकी लोक तीन मारतात, चौथं मी वडिलांच्या काळापासून मारतोय कारण त्याने रॅक हलत नाही. गाडी थांबवली, जवळ जाऊन मोजली, चार. काहींना अजून प्लास्टिक होतं, म्हणजे त्यांच्यावर एक पोतंसुद्धा ठेवलं गेलं नव्हतं. भंगारवाला म्हणाला किलोवर घेतलेत, तुम्हालाही किलोवर देतो, बत्तीस रुपये. मी स्वतः बनवलेला, स्वतःच्या खिशातून स्टील घालून बनवलेला माल, ज्याचा एक रुपया मला मिळाला नव्हता, तो मला कोणीतरी विकत होतं. त्या कंपनीला त्या भंगाराचे पैसे मिळाले, मला नाही. त्यातले दोन रॅक मी विकत आणले. का आणले ते बायकोने विचारलं, मला सांगता आलं नाही.

आता कोणी म्हणेल कायदा आहे ना. आहे. थकलेल्या बिलांच्या तक्रारीसाठी सरकारचं समाधान पोर्टल आहे, त्यावर मी अर्ज केला, कायद्याने उशिराच्या पेमेंटवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने वर्षाला वीस टक्क्यांच्या वर. पण नोटीस घ्यायला त्या पत्त्यावर माणूसच राहिला नाही. दिवाळखोरीच्या कोर्टात जावं म्हटलं तर वकील म्हणाले तुमची रक्कम बसत नाही. आधी एक लाखाची थकबाकी असली तरी एनसीएलटीत, म्हणजे या दिवाळखोरीच्या कोर्टात, जाता यायचं, मार्च 2020 मध्ये लॉकडाऊनच्या वेळी ती मर्यादा एक कोटी केली. हेतू असा की छोट्या उद्योगांना कोणी कोर्टात खेचू नये. तो हेतू बरोबरच होता, पण त्याच मर्यादेने आता छोट्याचे पैसे बुडवणाऱ्याला संरक्षण मिळतंय. जुलै 2024 मध्ये ऑनलाइन शिकवणीच्या बायजूजवर एनसीएलटीने दिवाळखोरीची कारवाई सुरू केली ती बीसीसीआयच्या अर्जावर, जर्सीच्या स्पॉन्सरशिपचे 158 कोटी थकले म्हणून. कायद्याच्या भाषेत बीसीसीआय आणि मी एकच, दोघेही ऑपरेशनल क्रेडिटर, म्हणजे माल किंवा सेवेचे पैसे थकलेले, फक्त त्यांची थकबाकी कोटींत आणि माझी लाखांत म्हणून त्यांना दार उघडं आणि मला बंद. तुमच्या सदरात बायजूजवर दोन पूर्ण लेख आले. ह्या एक कोटीच्या अटीवर एकही नाही.

एप्रिल 2024 पासून इन्कम टॅक्सचा 43-बी-एच आला, छोट्या वेंडरचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा धरता येणार नाही. तुमच्या लेखकांनी त्याचं स्वागत केलं होतं. पण साधा विचार करा, जी कंपनी तोट्यातच चाललीय आणि टॅक्स भरतच नाही, तिला खर्च वजा धरला नाही तर काय फरक पडतो? हा नियम नफ्यातल्या जुन्या कंपन्यांना धाक घालतो, आणि ते चांगलंच आहे, माझ्या एका जुन्या गिऱ्हाईकाने त्यामुळे वेळेवर पैसे द्यायला सुरुवात केली. स्टार्टअपला मात्र त्याचा काही धाक नाही. त्याच वर्षीच्या जुलैच्या बजेटमध्ये स्टार्टअपला मिळणाऱ्या गुंतवणुकीवर लागणारा एंजल टॅक्स काढून टाकला तेव्हा तुमच्याकडे अर्ध पान आलं होतं. गुंतवणूकदाराला दिलासा मिळाला, मिळू दे. मी न मिळालेल्या पैशावर 1,18,800 रुपये जीएसटी फेब्रुवारी 2023 मध्येच भरलाय, तो परत मिळायची सोय कायद्यात नाही. त्यावर चार ओळी तरी लिहायला सांगा कोणाला.

अजून एक, लिहायलाच बसलोय तर लिहून टाकतो. कालच्या सदराचा अर्धा भाग परत तळेगाव आणि गुजरातच्या धोलेरावर होता. सप्टेंबर 2022 मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिप बनवण्याचा दीड लाख कोटींचा प्रकल्प गुजरातला गेला याचं मलाही वाईट वाटलं होतं, तळेगावला आला असता तर आमच्या पट्ट्यात जॉबवर्क आलं असतं. पण जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली आणि तो प्रकल्प तिकडेही झाला नाही, तरी कोणामुळे गेला यावर तुम्ही अजून दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना जागा देताय. न आलेल्या कारखान्यावर एवढं छापता, आलेल्या आणि चालू असलेल्यांचं कोणी विचारत नाही. आणि ते आकडे कृपया रुपयांत द्या, बिलियन डॉलर वाचून आमच्या इथे कोणाला अंदाज येत नाही.

लेखकांवर माझा राग नाही, ते अभ्यास करून लिहितात म्हणूनच वाचतो. त्यांनी एकदा भोसरीला यावं, गुरुवार सोडून कधीही. माझ्यासारखे पैसे अडकलेले आमच्या एका गल्लीत चारजण आहेत, एक पॅकिंगच्या खोक्यांचा, एक सीसीटीव्ही लावणारा, एक टेम्पोवाला आणि मी, सगळ्यांची बिलं आणि चलनं फाइलला लावलेली आहेत, दाखवतो.

मागच्या वेळी लोडशेडिंगवर पत्र पाठवलं होतं तेव्हा तुम्ही मधलाच भाग कापला होता. या वेळी जागा कमी पडली तर वरचं धोलेराचं काढा, कुदळवाडीचं ठेवा.

आपला,
एक लघुउद्योजक, भोसरी