मलालाचे आत्मकथन वर्गात शिकवताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या नातीच्या नववीच्या वर्गाला यंदा पूरक वाचनासाठी मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरल्याबद्दल तालिबानने जिच्यावर गोळी झाडली त्या पाकिस्तानच्या मलाला युसुफझाई हिचे ‘आय अ‍ॅम मलाला’ हे आत्मकथन नेमले आहे. निवड उत्तम आहे. पण त्यावरचा प्रश्नसंच पाहून हे पत्र लिहावेसे वाटले. हल्ला कधी झाला, उपचार कोणत्या शहरात झाले, नोबेल कोणाबरोबर विभागून मिळाले आणि मलालाचे पाच गुण लिहा, एवढ्यावर तो संपतो. ९ ऑक्टोबर २०१२, बर्मिंगहॅम, कैलास सत्यार्थी ही उत्तरे पुस्तक न उघडताही देता येतात. (नोबेलचे उत्तर तर मूळ आवृत्तीत सापडणारही नाही, कारण पुस्तक २०१३ चे आणि पुरस्कार २०१४ चा!)

एखाद्या खोऱ्यातल्या मुलींची शाळा कशी बंद पडते, हे या पुस्तकात जितके बारकाईने आले आहे तितके क्वचितच वाचायला मिळते, आणि अभ्यास व्हायला हवा तो त्याचा. मलाला दहा वर्षांची असताना तिच्या स्वात खोऱ्यात तालिबानी नेता फजलुल्लाचे बेकायदा एफएम केंद्र ऐकू येऊ लागले. सुरुवातीला तो वजू (नमाजापूर्वीची हातपाय धुण्याची रीत) कशी करावी, तंबाखू कशी सोडावी, असे कोणालाही पटेल ते सांगत होता, आणि बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून त्याला दिले. पुढे संगीत आणि दूरचित्रवाणी निषिद्ध ठरली. मग शाळा सोडणाऱ्या मुलींची नावे घेऊन रेडिओवरून त्यांचे अभिनंदन होऊ लागले. आणि शेवटी १५ जानेवारी २००९ पासून मुलींच्या शाळा बंद, असा हुकूम निघाला. ‘गुल मकई’ या टोपणनावाने मलालाने बीबीसी उर्दूसाठी लिहिलेल्या रोजनिशीत त्याच महिन्याच्या आरंभीची नोंद आहे, की वर्गातल्या २७ मुलींपैकी ११ च आल्या. म्हणजे मुदत संपण्यापूर्वीच निम्म्याहून अधिक वर्ग रिकामा झाला होता. ज्या सोळा आल्या नाहीत, त्यांच्या घरी काय बोलणे झाले असेल, असा प्रश्न नववीच्या मुलांना विचारला तर ती गुणांच्या यादीपेक्षा कितीतरी अधिक लिहितील.

शिवाय शाळेचा शत्रू प्रत्येक वेळी बंदूकधारीच असतो असे हे पुस्तक म्हणत नाही. स्वातमधल्या आपल्या मिंगोरा शहरात कचऱ्याच्या ढिगात वेचणारी आपल्याच वयाची मुलगी पाहून मलाला शाळा चालवणाऱ्या वडिलांकडे, झियाउद्दीन यांच्याकडे, गरीब मुलांसाठी मोफत जागा मागते. ते तशा जागा देतातही, पण आपल्या घरी झाडलोट करणाऱ्यांची मुले शेजारी बसतात हे कळताच काही सधन पालक आपली मुले काढून घेतात. तिची आई तोर पेकई हिला सहाव्या वर्षी शाळेत घातले होते. इतर मुली घरी खेळत असताना आपण एकटीनेच का जावे, म्हणून तिने पुस्तके विकून त्या पैशांचा खाऊ घेतला आणि शाळा सुटली ती सुटलीच. मुलीवर गोळी झाडली गेली त्या सुमारास ती लिहा-वाचायला शिकण्याची सुरुवात करत होती. माझ्या मते सगळ्या पुस्तकात आईचा हा धागा सर्वांत मोलाचा आहे, आणि प्रश्नसंचात नेमके तिचे नावसुद्धा नाही.

मलालाला देव्हाऱ्यात बसवण्याचीही गरज नाही. लहानपणी मैत्रिणीच्या वस्तू चोरल्याचे तिने स्वतःच लिहिले आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये पाकिस्तानातील खासगी शाळांच्या महासंघाने आपल्या शाळांतून हे पुस्तक हद्दपार केले, ही हकीकतही वर्गात सांगावी. ज्या देशातल्या मुलींविषयी ते लिहिले, त्याच देशातल्या शाळाचालकांना ते का खुपले, याची चर्चा शिक्षकाने टाळू नये.

एक सूचना करून थांबते. पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा मलाला सोळा वर्षांची होती आणि क्रिस्टिना लॅम या ब्रिटिश पत्रकार सहलेखिका होत्या. २०१४ मध्ये मुलांसाठी निघालेल्या आवृत्तीला पॅट्रिशिया मॅकॉर्मिक यांचे साहाय्य आहे. एकच प्रसंग दोन्ही आवृत्त्यांतून वाचायला द्यावा, आणि मुलीचा आवाज कोठे ऐकू येतो व पत्रकाराची माहिती कोठे बोलते, हे मुलांनाच शोधू द्यावे. दोन तासिकांत होण्याजोगे काम आहे, आणि त्याला मार्गदर्शकातून उत्तर उतरवता येत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा