दिनविशेषात ४ ऑगस्टही हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातील ‘दिनविशेष’ मी नियमाने वाचते. शाळेत इतिहास शिकवत होते तेव्हा मुले त्यातल्या नोंदी परिपाठात वाचून दाखवत. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची ओळ हमखास असते, आणि २०२७ मध्ये त्या दिवसाची शताब्दी आहे. त्या निमित्ताने एक विनंती करायची आहे. महाडची ती एकच तारीख छापून थांबू नये.

१९२७ साली त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्याचे पाणी प्यायले आणि त्यांच्यामागून आलेले लोकही प्यायले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण कागदावर हा हक्क आधीच मिळालेला होता, हे फार थोड्यांना माहीत असते. सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कोर्टकचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून तळे खुले असल्याचे ठरवलेही. तरी तीन वर्षांत अस्पृश्यांना तिथे पाणी भरता आले नाही. रामचंद्र बाबाजी मोरे, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखे कार्यकर्ते कुलाबा (आताचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी, म्हणजे अस्पृश्यांच्या परिषदेसाठी झटले ते या पार्श्वभूमीवर. ती १९२७ च्या मार्चमध्ये महाडला भरली. २० मार्चला परिषदेचे लोक तळ्यावरून परतले आणि गावात अफवा उठवली गेली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मग मंडपात आणि रस्त्यांत त्यांना गाठून मारहाण झाली. पुढे तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले.

त्यानंतर आली ४ ऑगस्ट १९२७ ही तारीख. बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण होत असताना महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. वर्गात शिकवायला महाडच्या इतिहासातली याहून महत्त्वाची तारीख नाही, असे मला मनापासून वाटते. दिलेला हक्क मतदान करून काढून घेतला जातो, तोही निवडून आलेल्या माणसांकडून, हे मुलांना याच तारखेवरून कळते. पण ती मी कुठल्याही दिनदर्शिकेत पाहिलेली नाही.

डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली. मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. विरोधकांनी कोर्टात दावा लावून मनाई हुकूम आणला होता. जमलेले लोक तुरुंगात जायला तयार होते, तरी डॉ. आंबेडकरांनी तळ्यावरचा सत्याग्रह स्थगित केला आणि लढा कोर्टात लढवला. तो जवळजवळ दहा वर्षे चालला. खालच्या कोर्टांत विरोधकांचा दावा फेटाळला गेला, ते अपिलात गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही डॉ. आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादी काळापासूनची वहिवाट असल्याचे वादींना, म्हणजे विरोधकांना, सिद्ध करता आले नाही, हा त्या निकालाचा आधार. वहिवाट सिद्धच न झाल्यामुळे ती न्याय्य होती की नाही, हा प्रश्न न्यायालयाला हाताळावा लागला नाही. ते उत्तर संविधानात मिळाले. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नावाने उल्लेख आला. तो वाचताना महाड आठवल्याशिवाय राहत नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. पाणी भरणे हे घरोघरी बायकांचेच काम. पाणवठ्यापासून लांब उभे राहून कोणी वरून ओतेल याची वाट पाहायची ती प्रामुख्याने त्यांनी. तरीही महाडच्या नोंदींत त्या क्वचितच दिसतात. २५ डिसेंबर १९२७ रोजी गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. आज काही संघटना तो दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. त्याच परिषदेत डॉ. आंबेडकर स्त्रियांशी वेगळे बोलले. मुलींना शिकवा, जात ओळखू येईल असा पेहराव आणि दागिने सोडा, असे त्यांनी सांगितले. त्यापुढे पंधरा वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क आणि पुरुषाच्या अनेक लग्नांना बंदी अशा मागण्या तिथे ठरावाने मांडल्या गेल्या. या दोन्ही गोष्टी देणारा हिंदू विवाह कायदा मात्र झाला १९५५ साली. या चळवळीतल्या बायकांना हुडकून त्यांच्या आठवणी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी लिहून ठेवल्या, म्हणून निदान काही नावे हाती लागली.

तेव्हा संपादक महाशय, शताब्दीच्या वर्षात २० मार्चची पुरवणी जरूर काढा. पण १७ मार्च, २० जुलै, ४ ऑगस्ट आणि २५ डिसेंबर या तारखांनाही दिनविशेषात कायमची जागा द्या. ४ ऑगस्टच्या नोंदीत तर दोन्ही साले लिहा, १९२३ आणि १९२७. उच्च न्यायालयाच्या निकालातील महत्त्वाचा भाग सोप्या मराठीत क्रमाक्रमाने छापता आला, तर शाळाशाळांतून तो मोठ्याने वाचला जाईल. महाडच्या नगरपरिषदेलाही आपल्यामार्फत सांगायचे आहे: तळ्याजवळ १९२४ च्या ठरावाचा मजकूर लावाल, तेव्हा त्याच्याच शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, तो रद्द करणाराही लावा.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
जि. रायगड