ती दाई परत आली का?

चि. वैशू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मीच ठेवला. रेंज गेली नव्हती. तू सांगत होतीस आणि माझ्या तोंडाला कोरड पडत चालली होती. तेव्हापासून तीनदा मोबाईल हातात घेतला, पण फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहायला बसले.

बाई दोन दिवस कळा देत घरातच होती, दाईने आणली तेव्हा बाळाचे ठोके मंदावले होते. तू तिला धारणीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलीस, गाडीत स्वतः बसून गेलीस, दोन्ही जीव वाचले. बाबांनी ते अख्ख्या गल्लीला सांगितलं. मलाही अभिमान आहे, तो आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं तुला आवडणार नाही. त्या म्हाताऱ्या दाईला आणि तिथल्या आशा सेविकेला तू सगळ्या ओपीडीसमोर झाडलंस. "परत इथे दिसायचं नाही," म्हणालीस. वैशू, ती खरंच नाही आली तर?

आजीचे हात तुला आठवतात का? बाळंतपणाचा निरोप आला की ती आधी नखं काढायची, मग राखेने कोपरापर्यंत हात घासायची. दाईचं ट्रेनिंग झाल्यावर राखेच्या जागी साबण आला आणि ट्रंकेत नव्या ब्लेडची पाकिटं. पोटावर हात ठेवून डोकं कुठे आहे ते सांगायची. मूल आडवं लागलं तर स्वतः काही करायची नाही, "गाडी जुंपा" एवढंच म्हणायची. तिच्या हातून चुकाही झाल्या. नाळेला हळद लावायची. मी आशा झाल्यावर ती हळद बंद करायला मला दोन वर्षं लागली आणि ती भांडून बंद झाली नाही. कमलच्या थोरल्याच्या वेळी मी आजीला शेजारी बसवलं, बाळाचं झबलं वर केलं, घड्याळ माझ्या हातात आणि श्वास मोजायला ती. तिला साठ येत नव्हते, विसावर मोजायची. मिनिटात तीन विसा झाले की धोका, हे एकदाच सांगावं लागलं. पुढे रात्री-बेरात्री तीच मला उठवायला यायची, "अगं, पोराचं पोट भात्यासारखं हलतंय, चल."

तू डॉक्टर, तुला मी काय शिकवणार. पण जामखेडला आरोळे डॉक्टरांनी १९७० पासून खेड्यातल्या निरक्षर बायांनाच शिकवून तयार केलं. गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी गावातल्या बायांच्या हाती घरच्या घरी नवजात बाळाची काळजी दिली आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. आज आम्ही आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळाच्या घरी जातो, त्याची वाट तिथूनच आली. हे सगळं दार उघडणाऱ्या बाईवर चालतं. तिलाच तू दारातून परत पाठवलंस...

बघ, व्याख्यान सुरू झालं. माफ कर. तीन रात्री जागी होतीस आणि मी इकडून शहाणपण पाठवतेय.

पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, ती सांगते. तू सातवीत होतीस. मी एका बाईला रात्री दोन वाजता जीपने दवाखान्यात नेलं. तिथे ड्यूटीवर जे होते त्यांनी तिच्या सासरच्या माणसांसमोर मला बोलायचं ते बोलून घेतलं. अक्कल काढली. माझ्या हातात तिची चप्पल होती, ती तशीच धरून मी उभी राहिले. महिनाभराने वरच्या वस्तीवरून निरोप आला, पाणी गेलंय, कळा नाहीत. नेलं पाहिजे, हे मला कळत होतं. पण तोच माणूस असेल, तेच ऐकावं लागेल, असं मनात आलं आणि मी म्हणाले, सकाळपर्यंत बघू. ते बाळ रडलं नाही. त्या दिवशी तू शाळेतून आलीस आणि विचारलंस, आई, जेवली का नाहीस? डोकं दुखतंय म्हणाले. दोष माझाच होता, मी तो कुणावर ढकलत नाही. फक्त तुला कळावं, की झाडलेली बाई पुढच्या वेळी दाराशी येऊन कशी थबकते.

म्हणून विचारते, ती आली का?

भूमकाचंही, तिथल्या त्या वैदू-मांत्रिकाचंही, तसंच. डंबा देऊन पोटावर डागलेलं पोर समोर आल्यावर तुझा संताप होणारच, झालाच पाहिजे. डागणं थांबवच. साप चावल्यावर मंत्रात गेलेला तासही परत येत नाही, विषावरचं इंजेक्शन दवाखान्यातच मिळतं. पण कुणाच्या घरी पोर आजारी आहे हे त्याला तुझ्या आधी कळतं. पेशंट दवाखान्यात पाठवणाऱ्या भूमकाला मानधन देण्याचा प्रयत्न तुमच्या मेळघाटात झालाच आहे. जाऊन बस त्याच्या ओट्यावर एकदा. एकटी जाऊ नकोस, आणि अंधार पडायच्या आत परत ये.

आणि आशांचे फॉर्म तुझ्या टेबलावर येतील, त्यांवर वेळेत सही कर. एका बाळाच्या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये असतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आम्हा दहा लाखांवर आशांचा सन्मान केला, तेव्हा तू हॉस्टेलवरून फोन करून रडली होतीस. "आई, हे तुझं आहे," म्हणालीस. तेव्हा माझं तीन महिन्यांचं मानधन थकलेलं होतं, तुला बोलले नाही. मानधन म्हणतात, पगार नाही. आम्ही स्वयंसेविका ना. आझाद मैदानावर आशांच्या आंदोलनाला गेले म्हणून तू रागावलीस, पण मी गेले ती त्या एका शब्दासाठी.

माझं ऐकायचं तर एवढं कर. त्या दाईच्या घरी आशाला घेऊन जा. उशीर झाला हे सांग, लपवू नकोस, पण घरात बसून, हळू आवाजात सांग. पुढच्या वेळी बाळंतिणीजवळ तिला उभं राहू दे, पाठ चोळू दे. ओळखीची बाई जवळ असावी हे सरकारही म्हणतंच. आणि केसपेपरवर "कोणी आणलं" तिथे तिचं नाव घाल.

बाबांचा खोकला बरा आहे. दादाने विहिरीचं काम परत लांबवलं. मी तुझ्यासाठी स्वेटर पाठवतेय, तिकडे थंडी जास्त म्हणतात.

त्या बाळाचं वजन किती भरलं ते लिही. आणि ती दाई आली की त्याच दिवशी फोन कर, कितीही रात्र झाली तरी.

तुझी,
आई